खेळण्यानं हरायला हवं

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमच्या शेडचं शटर सकाळी साडेआठला उघडतं. आमची कुत्री ठकी रात्रभर आतच असते, पण प्रेसवरच्या मामांनी शटर वर केलं की ती आधी बाहेर जाते, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीला एक चक्कर मारते आणि मग कंपनीच्या बसमधून आत्ताच उतरल्यासारखी गंभीर चेहऱ्यानं कामावर येते. गावठी आहे. रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा, एक कान उभा, दुसरा मधूनच दुमडलेला. नाव अण्णांनी ठेवलं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. त्यांच्या लहानपणी घरात लाकडाची ठकी होती, ठोकळेबाज बाहुली, पोरांनी कितीही आपटली तरी न फुटणारी. मला मात्र नावाचा दुसराच अर्थ लवकर पटला. आल्याच्या आठवड्यातच तिनं मामांच्या डब्यातल्या पोळ्या काढून घेतल्या आणि डबा जिथल्या तिथे ठेवला. झाकण तेवढं नंतर प्रेसखाली सापडलं.

आम्ही रबराचे पार्ट बनवतो. बुश, ग्रोमेट, बेलो, बफर. गाडी खड्ड्यात आदळली की लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये रबराचा ठोकळा असतो, तो बफर. ड्रॉइंगवर बंप स्टॉपर असं लिहिलेलं असतं. रस्त्यांनी आमच्या धंद्याला कधी उपाशी ठेवलेलं नाही. अण्णांनी एका हँडप्रेसवर काम सुरू केलं होतं, आता चार हायड्रॉलिक प्रेस आहेत. मी डिप्लोमा मेकॅनिकल. ड्रॉइंग आणि मोल्ड माझ्याकडे, बिलं आणि जीएसटी नवऱ्याकडे, दोघांच्या चुका काढणं अण्णांकडे. गेली तीन वर्षं यातूनच वेळ काढून मी कुत्र्यांची चावायची खेळणी बनवतेय. आत खाऊ भरायचा आणि कुत्र्यानं चावून, ढकलून, लोळवून तो बाहेर काढायचा, अशी. बाजारात याला ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणतात. अण्णा ‘सूनबाईचे उद्योग’ म्हणतात, आणि उद्योग हा शब्द ते कोणत्या अर्थानं वापरताहेत ते त्यांच्या भुवईवरून ओळखायचं.

सुरुवात फ्लॅशपासून झाली. साच्याच्या दोन पाट्या जिथे मिळतात तिथून जादा रबर बाहेर येतं आणि पार्टभोवती पातळ झालर धरते, तो फ्लॅश. तीन बायका दिवसभर कात्रीनं तो कापत बसतात आणि संध्याकाळपर्यंत पोतं भरतं. ठकी तेव्हा पाच महिन्यांची होती. पिल्लाचे 28 दुधाचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत पक्के 42 येतात. या काळात हिरड्या अशा शिवशिवतात की चप्पल, केरसुणी, खुर्चीचा पाय, काहीही चालतं. आमच्या ठकीला पोतं सापडलं.

संध्याकाळी ती ओकली तर बाहेर काळे दोरे. डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेत वायू दिसला, रबर काही वेगळं ओळखू येईना. मग सोनोग्राफी. डॉक्टर म्हणाल्या, “रात्रभर वाट बघू. पुढे सरकलं तर ठीक, नाहीतर पोट उघडावं लागेल.” त्या रात्री आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. अण्णा टीव्ही लावून बसले होते, पण आवाज बंद होता. सकाळी सात वाजता मामांचा फोन आला. ते शेडमागे जाऊन तपासून आले होते. “ताई, माल डिस्पॅच झाला.”

पोतं त्या दिवसापासून पत्र्याच्या पेटीत गेलं. पण डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कुत्र्याचं तोंड म्हणजे त्याचे हात, त्याला चावू नको म्हणता येत नाही, चावायला काहीतरी द्या. मग मी दुकानातून आणलं. कापसाचं शिट्टीवालं माकड अकरा मिनिटं टिकलं. दोरी आठवडाभर टिकली, नंतर तिचे धागे सुटायला लागले आणि मला पुन्हा ते काळे दोरे आठवले. नायलॉनचं हाड चाललं असतं तर तिनं आयुष्यभर चावलं असतं, पण डॉक्टरांनी ते हातात घेतलं, अंगठ्याचं नख रोवून बघितलं आणि बाजूला ठेवलं. नख रुतत नसेल ते दातासाठी जास्त कडक. हाडं, शिंगं, याकच्या दुधाचं ते दगडासारखं चीज, सगळ्याला हीच कसोटी. कडक वस्तू चावताना वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचा टवका उडतो, आणि तो बहुतेकदा घरच्यांच्या लक्षातही येत नाही, कारण कुत्रं जेवत राहतं.

त्या दुपारी मी वैतागून रिजेक्टच्या ट्रेमधला एक बफर उचलला आणि तिच्यापुढे टाकला. तीन तास शेडमध्ये शांतता.

नंतर वाचलं तेव्हा हसू आलं. 1970च्या दशकात अमेरिकेत, कोलोराडोत, जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. तो दगड चावून स्वतःचे दात झिजवायचा. मार्कहॅम एकदा फोक्सवॅगनची व्हॅन दुरुस्त करत असताना फ्रिट्झनं तिच्या सस्पेन्शनमधला रबराचा तुकडा पळवला आणि दगड सोडून तोच चावत बसला. त्यातून ‘काँग’ हे खेळणं निघालं, तीन गोळे एकावर एक बसवल्यासारखं, आतून पोकळ, जमिनीवर टाकलं की वेडंवाकडं उसळणारं. म्हणजे गाडीचा बफर आणि कुत्र्याचं तोंड यांची सोयरीक माझ्या जवळजवळ 50 वर्षं आधीच जुळलेली होती.

पण बफर हे खेळणं नव्हे. दोन दिवसांत शेडची फरशी आणि ठकीचे ओठ दोन्ही काळे. आमच्या नेहमीच्या कंपाऊंडमध्ये, म्हणजे रबराच्या मिश्रणात, कार्बन ब्लॅक असतं, प्रोसेस ऑइल असतं, आणि रबर लवकर शिजावं म्हणून घातलेली रसायनं असतात, ज्यांतल्या काहींपासून शिजताना नायट्रोसअमाइन ही कॅन्सरकारक संयुगं तयार होतात. झिंक ऑक्साइड तर लागतंच, शंभर भाग रबराला पाच भागांपर्यंत. आणि झिंक पोटात जास्त गेलं तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गाडीखाली यातल्या कशानंच कुणाचं बिघडत नाही. ठकी मात्र ते गिळणार होती.

दुधाच्या प्लांटसाठी आम्ही गॅस्केट करतो, त्याचं कंपाऊंड अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाच्या, 177.2600 या नियमात बसणारं येतं. खाण्याच्या पदार्थाला पुन्हा पुन्हा लागणाऱ्या रबरासाठीचा तो नियम. तेच वापरायचं ठरवलं. आधी सिलिकॉन करून बघितलं होतं. दिसायला देखणं, वास नाही, उकळलं तरी ढिम्म. पण एकदा दात रुतला की तिथून टर्रकन फाटतं. नैसर्गिक रबराचं तसं नाही. ते ताणलं की चिरेच्या टोकाशी त्याचे लांब रेणू ओळीत येतात, तिथल्या तिथे स्फटिक धरतात आणि चीर अडते. केरळातल्या झाडाच्या चिकाला हे जमतं, प्रयोगशाळेतल्या महाग पदार्थाला जमत नाही, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

कडकपणा आम्ही ड्युरोमीटरनं शोअर ए या मापात मोजतो, आकडा जितका मोठा तितकं रबर कडक. खोडरबर 40 च्या आसपास, टायर 65 ते 70. बफर 70 चा होता. ठकीसाठी मी उतरत उतरत 55 वर थांबले, दात येणाऱ्या पिल्लांसाठी आणि म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी 40. पहिला नग थंड झाल्यावर मोठ्या थाटात तिच्यापुढे ठेवला. तिनं हुंगला आणि शिंकली. गंधकाचा वास! आम्हाला तो आता येतच नाही, इतकी वर्षं नाकात बसलाय. तेव्हापासून प्रत्येक नग ओव्हनमध्ये पुन्हा तापवायचा आणि मग पाण्यात उकळायचा. उकळायला मी घरचं जुनं पातेलं नेलं. सासूबाई ते आजही शोधताहेत, त्यांनी हा ब्लॉग वाचू नये.

आकाराच्या बाबतीत माझा पहिला मोल्ड म्हणजे शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा होता. मी गोल दांड्यावर बारीक पट्ट्या उभ्या केल्या, चावता चावता दात साफ होतील म्हणून. कॅटलॉगमध्ये असलं फार बघितलं होतं. ठकीनं सगळ्या पट्ट्या एका दिवसात छाटल्या, एकसारख्या, आमच्या ट्रिमिंगच्या बायकांनी कौतुक करावं अशा. डॉक्टरांनी मग तिचं तोंड उघडून दाखवलं. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ एकमेकींना घासून सरकतात. कुत्र्याच्या तोंडात दोन्ही बाजूंना एकेक अडकित्ता असतो! म्हणूनच कुत्रं मान वाकडी करून गालाच्या बाजूनं चावतं. आता अडकित्त्याला काय लागतं, तर सुपारी पात्यांच्या मध्ये बसायला हवी. पट्टी, कड, टोक, झालर, जे जे बारीक ते ते त्यात बसतं आणि तुटतं. मोठ्या गोलाईचं, गुळगुळीत, जबड्यात जेमतेम मावणारं अंग असेल तर पातं घसरतं, रबर दबतं आणि परत येतं. तेव्हापासून माझ्या ड्रॉइंगवर 6 मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्या नाही. आणि पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याच्या पाट्यांच्या जोडावर, फ्लॅशचा केसही राहू द्यायचा नाही, हे बायकांना सांगावं लागलं नाही. त्या रात्री त्यांनीही मामांना तीनदा फोन केले होते.

भोकाची गोष्ट याहून गंभीर आहे. मी गोळा केला, पोकळ, खाऊ भरायला एक तोंड. डॉक्टरांनी तो बघताक्षणी विचारलं, “दुसरं भोक कुठाय?” लहानपणी वाटी तोंडाला लावून आतली हवा ओढली की ती हनुवटीला चिकटायची, आठवतंय? एकाच भोकाच्या गोळ्यात कुत्र्यानं जीभ घातली आणि चाटताना गोळा दाबला, की आतली हवा निघून जाते आणि गोळा फुगताना जीभ ओढून घेतो. जीभ सुजते, मग ती बाहेर येतच नाही. अशानं कुत्र्यांच्या जिभा कापाव्या लागल्या आहेत. दुसऱ्या टोकाला एक छोटं भोक असलं की हवा आत येते आणि प्रश्नच मिटतो. गंमत म्हणजे ते भोक मोल्डलाही हवं होतं. पोकळी करायला साच्यात लोखंडाचा कोअर टांगलेला असतो. एकाच बाजूनं धरलेला कोअर रबराच्या दाबानं कलतो आणि भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते. दोन्ही टोकांना धरला तर सरळ राहतो. पहिले सहा गोळे एका अंगाला का फाटले ते मला तेव्हा कळलं. गोळा कोअरवरून उतरवायला मात्र मामांचेच हात लागतात. दीडशे अंशांवरून निघालेलं गरम रबर, हवेचा झोत मारून, बेलोसारखं ताणून, सदऱ्यातून डोकं काढावं तसं ओढून काढायचं.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं, झालं. खरं काम पुढेच होतं.

आतल्या रचनेवर मी महिनाभर बसले होते. तोंडाशी आत वळलेला ओठ आणि मध्ये एक आडवी कड, म्हणजे खाऊचा एकेक दाणा अडखळत बाहेर पडेल. टेबलावर दोनशे वेळा हलवून मोजलं, सरासरी काढली, एक्सेलमध्ये आलेखही काढला. मग दाणे भरून ठकीपुढे ठेवलं. तिनं हुंगलं, नाकानं चारदा ढकललं, काही पडलं नाही. पंजा ठेवला. माझ्याकडे बघितलं. आणि उठून कोपऱ्यात जाऊन केरसुणी चावायला लागली.

मामा म्हणाले, “ताई, तिला नको वाटतंय ते.”

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी जे बनवलं त्याची एकच परीक्षा होती, टिकतं का? बुश मशीनवर चढवायचा, लाखो वेळा पिळायचा, फाटला नाही की आपण जिंकलो. खेळण्याकडेही मी तसंच बघत होते. कुत्रं एका बाजूला, माझा पार्ट दुसऱ्या बाजूला, आणि माझा पार्ट हरता कामा नये. ठकीनं चार ढकलण्यांत निकाल दिला. जे हरत नाही त्याच्याशी कोण खेळेल? आपण लहान पोराशी पत्ते खेळताना पहिला डाव त्याला देतोच की.

मग वही घातली. रोज जेवणाच्या सुट्टीत मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मी ठकीसमोर मांडी घालून बसायचे. पहिला दाणा किती सेकंदांनी, नंतरचे किती अंतरानं, सोडून कधी गेली. दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागलं. पहिला दाणा वीसेक सेकंदांत पडायलाच हवा. तो पडला की ती पुढे दोन मिनिटं कोरडी काढायला तयार असते. आणि दाणे ठरावीक ठेक्यानं पडले तर कंटाळते, पण कधी लागोपाठ दोन, कधी बराच वेळ काहीच नाही, असं झालं तर सोडतच नाही. हे काही मी शोधलेलं नाही, स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर केव्हाच दाखवून ठेवलंय. आमच्याकडे मटक्याच्या आकड्यापायी घरं बसली ती याच हिशेबानं. कुत्र्याच्या बाबतीत निदान बक्षीस खरंच आत असतं.

आता ओठ कमी करायचा, म्हणजे तोंड मोठं करायचं. इथे मोल्डवाल्याची अडचण समजून घ्या. साच्यातलं लोखंड कापलं की पार्टवर रबर वाढतं. रबर कमी करायचं तर लोखंड वाढवावं लागतं, आणि लोखंड काही वाढत नाही. तोंड पाडणारी पिन 15 मिलिमीटरची होती, ती 20 ची करता येणार नव्हती. नवी पिन वळवून घ्यावी लागली. पण जाड पिन नंतर लेथवर हवी तेवढी बारीक करता येते. म्हणजे सुरुवात सोप्यापासून करायची आणि हळूहळू अवघड करत न्यायचं, हे कुत्रंही सांगत होतं आणि लोखंडही. माझी नवी पिन 24 ची होती. इतकी सोपी, की ठकीनं पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात सगळं खाल्लं आणि शेपटी हलवत रिकामं खेळणं माझ्या पायाशी आणून ठेवलं. पुन्हा भर. अडीच वर्षांत तिनं पहिल्यांदाच मला काहीतरी आणून दिलं होतं. त्यानंतर पिन 22, मग 20. आज ती 19 वर आहे आणि तिथेच राहील.

बाकी कमी-जास्त खाऊ भरण्यानं करता येतं. सुटे दाणे सोपे, कालवून दाबलेलं अवघड, गोठवलेलं सगळ्यात अवघड. मे महिन्यात पत्र्याची शेड चाळिशी ओलांडते तेव्हा दहीभाकरीचा काला भरून रात्री फ्रीझरला टाकायचा आणि दुपारी द्यायचा. ठकी प्रेसपासून लांब, पाण्याच्या टाकीखाली, अर्धा तास चाटत पडते. दिवाळीत फटाक्यांच्या वेळीही हेच. पूर्ण भीती जात नाही, पण चाटायला लागली की थरथर कमी होते.

गंगापूर रोडवर मैत्रिणीचा लॅब्राडॉर आहे, त्याच्यावर माझ्या सगळ्या सिद्धांतांचं पाणी झालं. तो ना वाट बघतो ना विचार करतो, सरळ खेळणंच गिळायला निघतो. काही लॅब्राडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि त्यांना पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही, हे कळल्यावर मी त्याला माफ केलं आणि त्याच्यासाठी मोठा साचा केला. लहान मुलांच्या खेळण्यांसाठी 31.7 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं असतं, त्यात जो तुकडा पूर्ण मावला तो धोक्याचा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण तो नियम चौदा वर्षांखालच्या माणसांच्या पिल्लांसाठी. कुत्र्यांचं खेळणं त्यात येत नाही. मी आपलं एक मोठं नळकांडं लेथवर वळवून घेतलं, लॅब्राच्या घशाचा अंदाज घेऊन. जे त्यात जातं ते विकायचं नाही.

आणि आत काय भरायचं याबद्दल नाशिककरांना खास सांगायला हवं, कारण आपला पाहुणचार कुत्र्याच्या जिवावर उठणारा आहे. द्राक्षं नाहीत, बेदाणे नाहीत. थोडीशी खाऊनही काही कुत्र्यांच्या किडन्या बंद पडतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधेल ते आधी कळत नाही. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच चिंचेतही असतं, म्हणजे आमटीची पोळीही गेली. कांदा कच्चा असो की परतलेला, तांबड्या पेशी फोडतो. लसूण त्याचाच भाऊ. म्हणजे दिंडोरीची बाग आणि लासलगावची बाजार समिती, दोन्ही बाद. चिवड्यात तर कांदा आणि बेदाणे दोन्ही सापडतात. दिंडोरीला माझ्या मावसभावाच्या बागेत दोन कुत्री आहेत. मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आमची तर गळालेले मणी खातच मोठी झाली. असतील. पण त्याच्याकडे याआधी एक कुत्रं ‘अचानक’ गेलं होतं, ते बोलता बोलता त्यालाच आठवलं आणि तो गप्प झाला. शेंगदाण्याचं कूट चालतं, बिनमिठाचं. पीनट बटरच्या डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते वाचायचं, तेही विषच.

रंगावरून घरात भांडण झालं. नवऱ्याला लाल हवा होता, दुकानात उठून दिसतो म्हणून. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल मातकट होऊन जातो. हिरवळीवर टाकलेला लाल चेंडू त्याला नाकानंच शोधावा लागतो. विकत माणूस घेतो, हा नवऱ्याचा मुद्दा बरोबर होता. तरी आम्ही हळदीचा पिवळा केला.

इंजिनीअरिंगला असलेला पुतण्या मध्येच मोटार, सेन्सर आणि ब्लूटूथ घेऊन आला होता. “काकू, आपोआप पळणारा गोळा!” ठकी त्यावर दोन मिनिटं भुंकली आणि तिसऱ्या मिनिटाला तिनं झाकण उचकटलं. आत नाण्याएवढी बॅटरी होती. ती गिळली तर अन्ननलिका जाळते. गोळा आता त्याच्या टेबलावर पेपरवेट आहे.

शेवटचा बदल डॉक्टरांनी सुचवला. त्या रात्रीचा एक्स-रे त्या विसरल्या नव्हत्या. “तुमचं रबर मला फोटोत दिसेल असं काही करता येईल का?” बेराइट! बेरियम सल्फेटची पांढरी भुकटी रबरात भर म्हणून वापरतातच, आणि एक्स-रे तिच्यातून पार होत नाही. कंपाऊंडमध्ये घातली, एक तुकडा कापून त्यांच्याकडे नेला. फिल्मवर तो खड्यासारखा पांढराशुभ्र दिसला. मला इतका आनंद झाला की मी फिल्मचा फोटो स्टेटसला ठेवला आणि दोन नातेवाइकांनी तब्येत विचारायला फोन केले. पण बेराइट जड, पाण्याच्या चौपटीहून जास्त. सोमेश्वरजवळ नदीकाठी लॅब्रासाठी नवा नग पाण्यात टाकला, तो दोन्ही भोकांतून बुडबुडे सोडत शांतपणे तळाला गेला. लॅब्रा काठावर उभा राहून माझ्याकडे बघत होता. तरंगणारं खेळणं हवं असेल त्यांनी दुसरं घ्यावं. मला पोटात दिसणारं हवंय.

आतापर्यंत 340 नग गेले, बहुतेक ओळखीत आणि डॉक्टरांच्या काउंटरवरून. मोल्डचे पैसे अजून निघालेले नाहीत, हे अण्णा दर महिन्याच्या पाच तारखेला सांगतात. मात्र संध्याकाळी ठकीच्या खेळण्यात खाऊ भरायचं काम त्यांनी कुणालाही न सांगता स्वतःकडे घेतलंय.

गेल्या आठवड्यात मी वर माळ्यावरच्या ऑफिसमध्ये बसले होते, खालून धप्प, धप्प, धप्प आवाज आला. उठून बघितलं तर ठकी खेळणं तोंडात धरून लोखंडी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी. तिनं ते सोडलं. ते प्रत्येक पायरीवर आपटत, दाणे उडवत खाली गेलं. मागोमाग ती उतरली, प्रत्येक पायरीवर थांबून पडलेलं वेचलं, खाली गेल्यावर खेळणं उचललं आणि पुन्हा वर. तीन फेऱ्यांत रिकामं. ओठ, कड, 19 ची पिन, माझी स्टॉपवॉचची वही, सगळं बाजूला.

दुसऱ्या दिवशी मामांनी पायऱ्यांवर गोणपाटं अंथरली, म्हणजे खेळणं आपटणार नाही. ठकीनं खेळणं खाली ठेवलं आणि गोणपाटं एकेक करून ओढून काढली. मामा पुन्हा अंथरतात, ती पुन्हा ओढते. दोघांचं हे रोज साडेबाराला चालतं. मी विचारलं, मामा, तारेनं बांधून का नाही टाकत? तर म्हणाले, “मग ती काढील कशी?”